उजव्या मेजावरची बाटली

गहू उकडून झाला होता आणि लांब्रिनी तो मोठ्या मेजावर, पांढऱ्या चादरीवर, बोटांनी पसरत होती. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला वाटायचा गोड गहू, कोलिवा. दाणा न् दाणा सुटा झाला पाहिजे. नाहीतर उद्या प्रार्थना संपल्यावर देवळाच्या दारात पहिला घास तोंडात टाकून नवऱ्याची हाइदो आत्या चारचौघांत म्हणणार, 'चिकट झाला गं थोडा.' लांब्रिनीचं देवाकडे मागणं फार नव्हतं. गहू सुटा राहावा, मासे ताजे मिळावेत, आणि उद्या दुपारी सूप वाढून होईपर्यंत आपला नवरा आणि त्याची बहीण यांनी एकमेकांशी हवेपाण्यापलीकडे काही बोलू नये.

"कांदे एव्हांथियाकडे दे," आत्या बदाम सोलता सोलता म्हणाली. "तिला काही होत नाही कांद्यानं."

"होतं," लांब्रिनीची नणंद एव्हांथिया म्हणाली. "चरचरतं. फक्त पाणी येत नाही."

"तेच म्हणते मी. सोयीचं आहे."

एव्हांथियानं सुरी उचलली. बोटं वळेनात, म्हणून दुसऱ्या हातात घेतली, पुन्हा पहिल्या हातात घेतली आणि चिरू लागली. दोन कांदे झाल्यावर थांबून तिनं बाटली तोंडाला लावली, घोटभर पाणी तोंडात घोळवलं आणि गिळलं. लांब्रिनीनं आत्याकडे पाहिलं. आत्या बाटलीकडे पाहत होती. झालं, लांब्रिनीच्या मनात आलं, मासे घरात यायच्या आधीच सुरू.

"गेल्या रविवारी," आत्या म्हणाली, "मी काही मुद्दाम बघत नव्हते."

"छे, तू कशाला बघशील."

"माझी जागाच तिथे आहे, खांबाजवळ. नजर जाते. गाण्याच्या मेजाखाली वाकलीस, प्यायलीस. मोठ्या स्तोत्राच्या आधी प्यायलीस, नंतर प्यायलीस. आणि वर हात बांधून प्रसादाला पुढे! अगं, मध्यरात्रीनंतर थेंब घ्यायचा नाही, हे तुला मीच शिकवलं ना? आई गेली तेव्हा कुणाच्या मांडीवर होतीस तू? लहानपणी तापानं फणफणली होतीस, तरी प्रसाद घेईपर्यंत ओठ ओला केला नव्हतास."

"तेव्हा तोंडात थुंकी होती, आत्या."

"पाद्रीबाबांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, पी."

"त्यांचं काय घेऊन बसलीस! ते कुणाला नाही म्हणतात? बेकरीवाल्याच्या मांजरीलाही आशीर्वाद देऊन मोकळे झाले होते."

लांब्रिनीला हसू आलं, ते तिनं गव्हात लपवलं.

या देवळात गाणारे दोन बाजूंना उभे राहतात. एक ओळ उजवीकडून उठते, दुसरी डावीकडून तिला भेटायला येते. उजवं मेज मुख्य गायकाचं. एव्हांथियाचे वडील कोस्मास तिथे जन्मभर उभे राहिले. नुसतं वाचलेलं कानाशी थांबतं, गायलेलं आत उतरतं, असं ते म्हणायचे. आणि खरंच, त्यांच्या तोंडून उपदेशाचं कवन ऐकताना शेतातून थेट आलेली माणसं चिखलाच्या बुटांनिशी रडत उभी राहिलेली या गावानं पाहिली होती. गुडघे थकले तेव्हा त्यांनी ती जागा मुलीला दिली. बाईमाणूस म्हणून दोनचार जणांनी नाकं मुरडली, पण तिचा पहिला सूर ऐकून ती सरळ झाली.

"नाहीतर असं कर," आत्यानं वाट बदलली, "समुद्रावर प्रेवेझाला जा. तापलेल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरून घे. माझ्या नणंदेचे सांधे असे सुटले की नाचायला लागली."

"माझी चुलत बहीण तर टोमॅटो सोडून बरी झाली," लांब्रिनीच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली.

एव्हांथियानं सुरी खाली ठेवली. "टोमॅटो सोडला. वांगं सोडलं. बटाटा सोडला. पाव सोडून बघितला. आता माणसं तेवढी सोडायची राहिलीत."

"चिडतेस कशाला? चांगलं सांगतोय आम्ही. दिसायला तर किती छान दिसतेस!"

"तेच तर! हात मोडला असता तर बरं झालं असतं. पांढरं प्लास्टर दिसलं असतं सगळ्यांना." ती उठली, बसली. "आत्या, परत एकदा सांगते. शेवटचं. आपल्या वरच्या कुरणात मेंढ्यांना कुत्रे असतात ना? लांडगा आला की त्याला फाडायचं, हे त्यांचं काम. समज, त्या कुत्र्यांचं डोकं फिरलं. लांडगा नाही, काही नाही, आणि ते आपल्याच मेंढ्या फाडायला लागले. तसं झालंय माझ्या अंगात. आधी डोळ्यातलं पाणी जिथे तयार होतं ते फाडलं, मग तोंडातली लाळ, आता सांधे. कुत्रे मारता येत नाहीत, कारण उद्या खरा लांडगा आला तर? म्हणून रोज गोळ्या देऊन त्यांना गुंगवायचं. वाळूत पुरून कुत्रे शहाणे होत नाहीत."

आत्या विचारात पडली. "मेंढपाळ कोण मग?"

"आँ?"

"कुत्रे बिघडले तर मेंढपाळाची चूक असते."

एव्हांथियानं कपाळावर हात मारून घेतला, आणि कांद्याचा हात डोळ्याला लागून ती विव्हळली. लांब्रिनीनं धावत जाऊन तिची थेंबांची कुपी आणली.

तेवढ्यात स्टेर्योस आत आला. एव्हांथियाचा धाकटा भाऊ. यानिना शहरात फरशांचं दुकान, गावच्या देवळाला नवी फरशीही त्यानंच दिलेली. माशांची टोपली त्यानं मोरीत ठेवली, आत्याचं चुंबन घेतलं, बायकोच्या खांद्यावर थोपटलं, आणि डोळ्यांत थेंब घालत मान मागे टाकून बसलेल्या बहिणीला म्हणाला, "आलीस का."

"मी इथेच राहते, स्टेर्योस. तू आलास."

"बरं. उद्याचं ठरवून टाकू. मी क्लेआर्कोसला सांगितलंय. यानिनाच्या मोठ्या देवळात गातो. सकाळी माझ्या आधी पोचेल तो. उजवीकडे उभा राहील."

एव्हांथियानं मान सरळ केली आणि कुपीचं झाकण लावलं.

"उजवीकडे," एव्हांथिया म्हणाली.

"देवळाच्या मंडळानं मला विचारलंय. गेल्या दोन महिन्यांत किती वेळा अडखळलीस? एकदा तर ओळ अर्धी सोडलीस. लोक बोलतात."

"लोक नाही, आत्या बोलते."

"मी फक्त बेकरीत बोलले," आत्या म्हणाली.

"बाबांच्या श्राद्धाला मला तमाशा नकोय," स्टेर्योस म्हणाला. "तू आजारी आहेस ना? मग विश्रांती घे. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"माझ्या भल्याचं सांगणाऱ्यांचीच दमणूक झालीय मला! स्टेर्योस, सकाळी उठले की पायमोजे घालायला मला दोनदा बसावं लागतं. दात एकेक करून किडतायत. जेवताना घास पाण्यानं ढकलावा लागतो. एवढं सगळं गेलं. त्या मेजाशी उभी राहिले की मात्र मला वाटतं, मी अजून मीच आहे. तेवढं एक आहे माझ्याकडे, आणि ते तू फरशांच्या भावात काढून घेतोस?"

"फरशा मध्ये आणू नकोस."

"मग खरं काय ते बोल. वर्षभर माझ्याकडे सरळ बघितलेलं नाहीस."

लांब्रिनीनं डोळे मिटले. हे आज ना उद्या होणारच होतं. फक्त सूप झाल्यावर व्हावं, एवढीच तिची इच्छा होती.

"खरं?" स्टेर्योसचा आवाज खाली आला. "बाबांना खड्ड्यात उतरवत होते. अख्खं गाव रडत होतं. ज्यांना त्यांनी हयातभर शिव्या घातल्या, तेसुद्धा रडत होते. आणि तू, त्यांची लाडकी, मला डावलून त्यांनी जिला जागा दिली ती तू, माझ्या शेजारी उभी होतीस, तोंड वेडंवाकडं करून. जसं काही खूप उशीर होतोय आणि कंटाळा आलाय. डोळ्यात टिपूस नाही. बघितलंय मी."

"टिपूस नव्हतंच रे! येतच नाही! डॉक्टरणीनं डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली, मी तशीच बसून राहिले, आणि काढली तर कोरडी ठणठणीत. खालच्या ओठातून तुकडा काढून तपासला."

"ते सगळं नंतर. मयताच्या वेळी तुला काही झालेलं नव्हतं."

"नाव नंतर मिळालं. आजार किती तरी वर्षं आधीपासून होता. मला वाटायचं, डोळ्यात धूळ गेलीय, वय होतंय, दमलेय. सगळ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं."

"सोयीचं आहे," स्टेर्योस म्हणाला. आत्याचाच शब्द, पण त्याच्या तोंडून तो वेगळाच लागला.

शेवटी लांब्रिनीच बोलली. हात गव्हानं चिकट, आवाज चढलेला. "बास! सकाळची प्रार्थना क्लेआर्कोस गाईल. मग तो डावीकडे जाईल. मुख्य उपासनेला उजवीकडे एव्हांथिया उभी राहील, मोठं स्तोत्र तीच गाईल. नीट झालं तर जागा तिची, परत कुणी तोंड उघडायचं नाही. मध्ये थांबली तर जागा क्लेआर्कोसची. आता माझ्या स्वयंपाकघरातून सगळे बाहेर व्हा. गहू वाळू दे."

स्टेर्योसनं खांदे उडवले. एव्हांथियानं मान डोलावली. मान्य झालं.

हाइदो आत्याला त्या रात्री धड झोप लागली नाही. पोर थांबली तर जागा जाणार. पाणी प्यायली तर पाप लागणार, आणि लोक बघणार ते वेगळंच. म्हातारीच्या मनात दोन्ही गोष्टींची एकच मोळी बांधली गेली. पहाटे सगळ्यांच्या आधी ती देवळात गेली. उजव्या मेजाखाली, पोथ्यांच्या मागे, एव्हांथियानं संध्याकाळीच आणून ठेवलेली बाटली होती. आत्यानं ती आपल्या पिशवीत टाकली. समईतलं तेल बोटावर घेऊन मेजाच्या कडेला क्रूस काढला. "माते," ती देवमातेच्या चित्रासमोर पुटपुटली, "एकच दिवस. नुसती सवय लागलीय तिला बाटलीची. तू सांभाळ, तिच्या जिभेवर तूच ये." इतक्या मनापासून केलेली प्रार्थना तिच्या आयुष्यात फार थोडी होती. चूकही तितकीच मोठी होती, पण ते तिला कुठे माहीत?

सकाळची प्रार्थना आटोपून क्लेआर्कोस डावीकडे गेला होता, मुख्य उपासना चालू होती आणि स्टेर्योस पुढच्या रांगेत बसला होता. मोठं स्तोत्र सुरू व्हायच्या आधी वेदीच्या दारातून पाद्री फोतिसांनी त्याला बोटानं खुणावलं: इकडे ये, बहिणीजवळ. गाणाऱ्याच्या बाजूला एक जण लागतो, एकच खालचा स्वर लांबवत धरायला. त्या स्वरावर गाणारा पाय ठेवून वर चढतो. नेहमीचा माणूस आजारी होता. लहानपणी वडिलांसाठी स्टेर्योस हेच काम करायचा. आता नाही म्हणायची सोय नव्हती, सगळं गाव बघत होतं. तो गेला आणि बहिणीच्या कोपराशी उभा राहिला.

एव्हांथिया वाकली. मेजाखाली हात फिरवला, पोथ्या सरकवल्या, परत फिरवला. मग सरळ झाली. धूपदान हलत होतं, पाद्रीबाबा वाट पाहत होते. तिनं कोरडा आवंढा गिळला. तो गिळताना तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या स्टेर्योसला दिसल्या. त्यानं स्वर धरला, आणि ती गाऊ लागली.

देवा, काय आवाज होता. धूर जसा वर जाताना घाई करत नाही, तसा एकेक सूर चढत होता. स्टेर्योसला वडील आठवले आणि त्याचा राग आणखी वाढला, कारण हे सुंदर होतं.

मग त्याला एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. टच्. लोकांना तो ऐकू येण्यासारखा नव्हता, फक्त कोपराशी उभ्या असलेल्याला. टाळूला चिकटलेली जीभ सुटण्याचा आवाज. आधी ओळीच्या शेवटी, मग शब्दाच्या शेवटी, मग शब्दाच्या मधोमध. तिचा वरचा ओठ दाताला चिकटून तसाच राहिला. तिनं तो बोटानं सोडवला, आणि बोटाला रक्त लागलं. ती एक सूर आणखी वर गेली. तिथे आवाज बंद पडला.

फक्त स्टेर्योसचा खालचा स्वर चालू होता.

त्यानं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. ते वेडंवाकडं झालं होतं. भुवया आवळलेल्या, ओठ एका बाजूला ओढलेले, हनुवटी थरथरत होती, खांदे गदगदत होते, आणि डोळे मात्र लाल आणि कोरडे ठाक. हे तोंड त्यानं पाहिलं होतं. खड्ड्याच्या काठावर, अगदी याच अंतरावरून पाहिलं होतं. वर्षभर त्याला तो कंटाळा वाटत होता. ती रडत होती. आत्ताही, तेव्हाही, याच तोंडानं.

डावीकडे क्लेआर्कोसनं छाती भरून घेतली. भला माणूस, उपासना तुटू नये म्हणून ओळ उचलणार होता. स्टेर्योसला स्वर सोडून बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं हात वर केला, तळवा त्याच्याकडे करून. थांब. क्लेआर्कोसनं तोंड मिटलं. स्टेर्योस स्वर धरून राहिला. श्वास संपला तसा त्यानं चोरून एक घेतला आणि पुन्हा धरला. दुसऱ्या हातानं तो लोकांकडे वळून बाटली तोंडाला लावल्याची खूण करत सुटला. चेहरा लाल, डोळे बाहेर आलेले. पाणी, अरे कुणीतरी पाणी!

खांबाजवळून हाइदो आत्या उठली. पिशवीतून बाटली काढताना तिच्या हातून माळ पडली, ती तिनं उचलली नाही. सगळ्या देवळासमोरून, नव्या फरशीवर टाचा वाजवत, ती उजव्या मेजापाशी आली आणि झाकण उघडून बाटली भाचीच्या हातात दिली.

एव्हांथिया प्यायली. वाकली नाही, लपली नाही. पाणी तोंडात घोळवलं, गिळलं, पुन्हा प्यायली. लोक थांबले. पाद्री फोतिस वेदीच्या दारात हात जोडून थांबले. मग जिथे तुटलं होतं त्याच सुरापासून ती वर गेली. आवाज फाटका होता, दोन ठिकाणी घसरला, पण स्तोत्र पुरं झालं.

प्रसादाच्या वेळी पाद्रीबाबांनी चमचा पुढे केला आणि जरा मोठ्यानंच म्हणाले, "देवाची दासी एव्हांथिया." रांगेत तिच्या मागे आत्या होती. ती काही बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांनी ते लक्षात ठेवलं.

नंतर देवळाच्या अंगणात सगळे कॉफी पीत होते, कोलिवाच्या पुड्या वाटल्या जात होत्या आणि लांब्रिनीची सूपकडे धावाधाव चालली होती.

"मला आधी सांगायचं ना, की इतकं आहे म्हणून!" आत्या म्हणाली.

"वर्षभर सांगतेय, आत्या."

"असं नाही. नीट सांगायचं."

एव्हांथियानं आभाळाकडे बघितलं. क्लेआर्कोस निरोप घ्यायला आला. हातात टोपी, चेहऱ्यावर प्रश्न. स्टेर्योस त्याला म्हणाला, "डावीकडे सध्या कुणी नाही. सणासुदीला येत जा. उजवी बाजू तिची आहे."

"पण ताईंचा आवाज मध्येच..."

"बंद पडेल. मग ती पाणी पिईल. आपण थांबू."

तो गेला. बहीणभाऊ भिंतीच्या कठड्यावर बसले. क्षमा वगैरे शब्द या घराण्यात कुणाला बोलता येत नव्हते.

"यानिनात एक माणूस आहे," तो म्हणाला, "मधमाश्यांचा डंख देऊन..."

एव्हांथियानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही. जाऊ दे." त्यानं कॉफीचा कप फिरवला. "कसं असतं ते? म्हणजे सकाळपासून. उठल्यापासून."

इतक्या वर्षांत घरातल्या कुणी हे विचारलं नव्हतं. एव्हांथियाला आधी राग आला, मग तोही विरला. ती सांगायला लागली: पापण्या कशा चिकटलेल्या असतात, त्या ओल्या बोटानं कशा सोडवायच्या, मुठी किती वेळानं उघडतात. मध्ये ती दोनदा पाण्यासाठी थांबली. स्टेर्योसनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्याला ते फार जड गेलं, पण तो ऐकत बसला, सूप थंड होतंय म्हणून लांब्रिनी रस्त्यापलीकडून ओरडत होती तरी.